झीज वगळून

गेल्या महिन्यात एका गोड आवाजाच्या मुलीने मला फोनवर सांगितले, "सर, तुमची वॉरंटी संपत आलीय." सदुसष्टाव्या वर्षी ही गोष्ट माणसाला कुणी फोन करून कळवावी लागत नाही. गुडघे कळवतात, डोळे कळवतात, आणि ते गप्प राहिलेच तर घरातली माणसे आहेतच. पण त्या मुलीला माझ्याविषयी काहीच म्हणायचे नव्हते. ती आमच्या गाडीविषयी बोलत होती. या दिवाळीत गाडीला तीन वर्षे पुरी होतात. त्या दिवशी कंपनीने दिलेली मूळ वॉरंटी संपते. आणि त्याच्या आत पैसे भरून ती वाढवून घेतली नाही तर पुढे ती वाढवून मिळत नाही, एवढाच तिचा निरोप होता. "मग सर, आजच करून टाकू या ना?" असे तिने शेवटी विचारले.

"आजच" या शब्दाला मी फार भितो. ज्याला काही विकायचे असते त्याच्या पंचांगात उद्याची तिथीच नसते. "विचार करून सांगतो," असे म्हणून मी फोन ठेवला, आणि ठेवल्यावर लक्षात आले, की आता खरोखरच विचार करावा लागणार!

यातली लाजेची गोष्ट अशी, की हा विषय माझ्या पोटापाण्याचा. तीस वर्षे मी कोल्हापुरात कॉमर्सच्या मुलांना व्यापारी कायदा शिकवला. १९३० सालच्या मालविक्रीच्या कायद्यात बारावे कलम आहे. त्यात 'कंडिशन' आणि 'वॉरंटी' यांतला फरक सांगितला आहे. सौद्याच्या मुळाशी असलेली अट ती कंडिशन; ती मोडली तर गिऱ्हाईक माल नाकारू शकते. मूळ हेतूला जोडून आलेले, बाजूचे वचन ती वॉरंटी. ती मोडली तर भरपाई मागता येते, पण माल गळ्यातून सुटत नाही. वर्गात मी उदाहरण देत असे : ठरला तोच मुलगा बोहल्यावर उभा राहिला पाहिजे, ही कंडिशन. त्याला पोहता येते असे सांगितले होते, ही वॉरंटी. लग्नानंतर त्याला पोहता येत नाही असे निघाले तर मुलीने काय करावे? भरपाई मागावी, नवरा परत करता येणार नाही. मुले हसत, आणि परीक्षेत निम्मी मुले हेच उदाहरण लिहीत.

पण या तीस वर्षांत स्वतःच्या एकाही वस्तूचा वॉरंटीचा कागद मी शेवटपर्यंत वाचला नव्हता. दुकानदार शिक्का मारून देतो, आपण तो कपाटात ठेवतो. वस्तू बिघडते तेव्हा कागद सापडत नाही, आणि कागद सापडतो तेव्हा मुदत संपलेली असते. कायदा शिकवणे निराळे आणि आपल्या गळ्याशी आलेला कागद वाचणे निराळे.

आमच्या घरी विचार करायचा म्हणजे भाच्याला बोलवायचे. तो बँकेत आहे, त्यामुळे कुठल्याही कागदाकडे तो संशयानेच बघतो. रविवारी सकाळी तो तीन निरनिराळ्या योजनांचे कागद छापून घेऊन आला. पोह्यांच्या बशा बाजूला सारून आम्ही ते जेवणाच्या टेबलावर मांडले आणि पंख्याने उडू नयेत म्हणून त्यांवर लोणच्याची बरणी, चष्म्याचे घर आणि अडकित्ता ठेवला. तेवढ्यात शेजारच्या आक्का आल्या. त्या पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. आमचे गंभीर चेहरे बघून त्यांनी विचारले, "काय झालं हो?" बायको म्हणाली, "वॉरंटीचं बघताहेत." आक्कांनी कपाळाला हात लावला. "अगं बाई! वॉरंट? यांनी काय केलं?" त्यांची समजूत घालता घालता चहा गार झाला. पुढे मला आठवले, की आक्का फारशा चुकल्या नव्हत्या. वॉरंट, वॉरंटी आणि गॅरंटी ही तिन्ही एकाच जुन्या फ्रेंच घराण्यातली भावंडे आहेत. तिघांच्याही पोटात 'मी जबाबदार आहे' एवढाच अर्थ आहे. प्रश्न असतो तो 'मी' कोण, याचा.

पहिली योजना खुद्द गाडी बनवणाऱ्या कंपनीची. आणखी दोन वर्षांसाठी एकवीस हजार, चार वर्षांसाठी अडतीस हजार. दुसरी एका बाहेरच्या कंपनीची, दोन वर्षांना साडेतेरा हजार. तिसरी त्याहून स्वस्त, अकरा हजारांची. पण ती फक्त इंजिन आणि गेअरबॉक्स यांच्यापुरती. आकडे बघितल्याबरोबर माझ्या मनाने साडेतेरा हजारांवर बोट ठेवले. भाचा म्हणाला, "मामा, किंमत शेवटी बघायची. आधी कागद बोलतो कसा ते बघा."

आणि त्याने मला माझाच विषय शिकवला. पहिल्या कागदात लिहिले होते, की खाली दिलेल्या वस्तू सोडून गाडीतले बाकी सगळे आम्ही दुरुस्त करून देऊ. दुसऱ्यात लिहिले होते, की खाली दिलेल्या वस्तू तेवढ्या आम्ही दुरुस्त करून देऊ. वाचताना दोन्ही याद्या सारख्याच लांब आणि सारख्याच कंटाळवाण्या. पण गाडीत हजारो सुटे भाग असतात, आणि कुठल्याही यादीत ते सगळे मावत नाहीत. ज्या भागाचे नाव कुठेच नाही तो मोडला, तर पहिल्या कागदाचे मौन आपल्या बाजूला असते आणि दुसऱ्याचे मौन त्यांच्या. साडेसात हजारांचा फरक त्या मौनात होता.

मग एकेक गोष्ट बाहेर येऊ लागली. दुसऱ्या योजनेत एका वेळच्या दुरुस्तीला रकमेची मर्यादा होती. भागाचे पैसे त्याच्या वयाप्रमाणे कापून मिळणार होते. मजुरीचा उल्लेख शोधून सापडेना. गेअरबॉक्स उघडून पाहिल्यावर दोष यादीबाहेरचा निघाला, तर उघडण्याची मजुरी आपणच द्यायची. गाडी मध्येच विकली तर कागद नव्या मालकाच्या नावावर होतो की नाही, हेही प्रत्येकाचे निराळे. सगळ्यांत एक गोष्ट मात्र सारखी होती. इतकी वर्षे किंवा इतके किलोमीटर, यांतले जे आधी होईल ते. आमची गाडी वर्षाला सहा हजार किलोमीटरदेखील धावत नाही. नरसोबाची वाडी, कधी पुणे, महिन्यातून दोनदा दवाखाना. टॅक्सीवाल्याचे किलोमीटर आधी संपतात, आमची वर्षे आधी संपणार. म्हणजे जे लाख-सव्वा लाख किलोमीटर कागदावर मोठ्या अक्षरांत छापले होते, त्यांतले बहुतेक आम्ही न वापरताच परत करणार होतो.

इतका वेळ गप्प बसलेल्या बायकोने मग चौथी योजना मांडली. "हे एकवीस हजार त्यांना देण्यापेक्षा पोस्टात टाका. गाडी बिघडली तर त्यातून दुरुस्त करू. नाही बिघडली तर पैसे आपलेच."

अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही चारांतली सर्वांत शहाणपणाची योजना होती. समजा, दहांतल्या एका गाडीला चार वर्षांत दीड लाखाचा खर्च निघतो. तर दर गाडीमागे सरासरी खर्च पंधरा हजार पडतो. त्यावर बारीकसारीक दुरुस्त्या धरा, विकणाऱ्याची दलाली, कचेरीचा खर्च, सरकारचा कर आणि थोडा नफा धरा, म्हणजे आपली किंमत झाली. घेणाऱ्या सगळ्यांचा हिशेब एकत्र केला तर ते तोट्यातच असणार. नाही तर विकणाऱ्याने दुकान केव्हाच बंद केले असते. पण भाच्याने वर्कशॉपमध्ये विचारून ठेवले होते. आमच्या गाडीचा आपोआप गेअर बदलणारा गेअरबॉक्स बदलायची वेळ आली तर दीड लाखाच्या पुढे खर्च. सरासरी पंधरा हजार कुणालाच येत नाहीत. नऊ जणांना काही येत नाही आणि दहाव्याला दीड लाख येतात. पेन्शनीतल्या माणसाला त्या दहाव्याची भीती वाटते. पोस्टातल्या एकवीस हजारांनी ती जात नाही.

अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांचा १९७० सालचा एक निबंध जुन्या मोटारींच्या बाजारावर आहे. पुढे २००१ साली त्यांना मिळालेल्या नोबेल पारितोषिकाच्या मुळाशी तो निबंध होता. त्यांचे म्हणणे साधे आहे. गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो. त्या भावात चांगली गाडी कुणी विकत नाही. आणि बाजारात खटारे तेवढे उरतात. या रोगावरचे एक औषध म्हणून त्यांनी हमीचे नाव घेतले आहे. जो विकणारा 'बिघडली तर माझी' म्हणतो, त्याला आपला माल माहीत असला पाहिजे. १९९८ साली ह्युंदाईने अमेरिकेत इंजिन-गेअरबॉक्सला दहा वर्षांची किंवा एक लाख मैलांची हमी दिली, तेव्हा तिथे त्यांच्या गाड्यांच्या टिकाऊपणावर लोकांचा फारसा विश्वास नव्हता. ती हमी त्या अविश्वासालाच दिलेले उत्तर होते. आपल्याकडे मारुती सुझुकीने २०२४ च्या जुलैत मूळ वॉरंटी दोन वर्षे किंवा ४०,००० किलोमीटर होती ती तीन वर्षे किंवा १,००,००० किलोमीटर केली. ही न मागता दिलेली हमी. विकत घ्यायच्या हमीची गोष्ट थोडी निराळी. तिच्यात विश्वास विकणाऱ्याचा कमी आणि काळजी घेणाऱ्याची जास्त असते.

दुपारी सगळे झोपल्यावर मी पहिला कागद एकट्याने पुन्हा वाचायला घेतला. या वेळी वगळलेल्या वस्तूंची यादी. टायर, वायपर, दिवे, फ्यूज, ब्रेकचे पॅड, पट्टे, तेले, गाळण्या. गंज. उंदरांनी कुरतडलेल्या तारा. बाहेरून गाणी वाजवायचे यंत्र बसवताना कापलेल्या तारा. पुराचे पाणी. गाडीच्या चालण्यावर परिणाम न करणारे आवाज. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर एक वाक्य होते : नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळून.

हे वाक्य वाचताना माझा हात डाव्या गुडघ्यावर गेला. आपोआप गेअर बदलणारी गाडी आम्ही घेतली ती या गुडघ्यामुळेच. क्लच दाबवेना, म्हणून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "मोडलेलं काही नाही. झीज आहे." मी विचारले, "मग?" ते म्हणाले, "मग काही नाही. जपून वापरायचा." मोडले असते तर त्यांनी प्लास्टर घातले असते. झिजेला त्यांच्याकडेही वॉरंटी नव्हती.

यादीच्या खाली अट होती : गाडीची प्रत्येक सर्व्हिसिंग वेळेवर आणि कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्येच झाली पाहिजे. या अटीपाशी मी थांबलो. खरे सांगायचे तर सकाळपासून मी किंमत, किलोमीटर आणि याद्या यांच्याविषयी बोलत होतो, ते या अटीविषयी बोलावे लागू नये म्हणून.

शिवाजी उद्यमनगरात आमचे एक मिस्त्री आहेत. मी पहिली गाडी, तीही जुनी, १९९४ साली घेतली तेव्हापासून. तेव्हा ते बत्तिशी-चौतिशीचे होते आणि बॉनेट न उघडता नुसत्या आवाजावरून सांगत, की पॉइंट घासायला झालेत. 'जावा डोळं झाकून' ही त्यांची वॉरंटी. ती कुठे लिहिलेली नव्हती, तिला मुदत नव्हती, आणि तिच्यात काही वगळलेलेही नव्हते.

ती नेहमी खरी ठरली असे मात्र मी म्हणणार नाही. १९९८ च्या मे महिन्यात त्यांनी गाडी तपासून दिली, 'जावा डोळं झाकून' म्हणाले, आणि आम्ही रत्नागिरीला निघालो. आंबा घाटात रेडिएटरची नळी निसटली. पांढऱ्या वाफेचा लोट, कडेवर दीड वर्षाची मुलगी, आणि तीन तास झाडाखाली. जवळच्या हॉटेलातून मी त्यांना फोन लावला तेव्हा तोंडाला येईल ते बोललो. ते एवढेच म्हणाले, "बाईंना सावलीला बसवा. आलोच." एका ट्रकमध्ये बसून ते संध्याकाळी आले, नळी, दोन पट्ट्या आणि घरून बांधून आणलेल्या भाकऱ्या घेऊन. पैसे घेतले नाहीत. पट्टी आवळताना चूक झाली होती आणि ती त्यांचीच होती, हे त्यांनी बायकोसमोर दोनदा सांगितले. त्या दिवशी मला बारावे कलम कळले. हमी म्हणजे बिघडणार नाही असे वचन नव्हे. बिघडले तर मी येईन, असे वचन.

आणि २०१९ चा ऑगस्ट. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी त्रेचाळीस फूट; त्या वर्षी पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेले. शिरोलीपाशी हमरस्ता बंद झाला. आम्ही तेव्हा नागाळा पार्कच्या उताराला राहत होतो. दुसरी गाडी दारात उभी होती, ती दाराच्या काचेपर्यंत बुडाली. पाणी उतरल्यावर मी किल्ली घेऊन धावत खाली गेलो, सुरू होते का बघायला. मिस्त्री गल्लीच्या तोंडाशी चिखल तुडवत येत होते. तिथूनच ओरडले, "सर, स्टार्टर मारू नगासा!" हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. इंजिनच्या पोटात पाणी असताना ते फिरवले, की आतला दांडा वाकतो आणि सगळे संपते. असे वाकलेले इंजिन वॉरंटीत येत नाही, आणि इंजिनाचे जादा संरक्षण घेतलेले नसेल तर बहुधा विम्यातही येत नाही. त्यांनी आधी बॅटरी सोडली, प्लग काढले, तेल उपसले, ट्रॅक्टर आणून गाडी ओढून नेली. तीन आठवड्यांनी ती चालू झाली. त्यांच्या स्वतःच्या घरात त्या वेळी कमरेएवढे पाणी होते, हे मला पुढे दुसऱ्याकडून कळले.

नवी गाडी घेतली तेव्हा मी त्यांना म्हणालो होतो, "तीन वर्षं कंपनीच्या वर्कशॉपला न्यावी लागेल. मग गाडी तुमचीच." वाढीव वॉरंटी घेणे म्हणजे तो शब्द मोडणे होते. चार वर्षे वाढवली तर सात वर्षे होणार. तोवर मिस्त्री सत्तरीला टेकलेले असतील. ही गाडी त्यांच्या हाताखाली बहुधा येणारच नव्हती.

दुसऱ्या दिवशी कागद खिशात घालून मी उद्यमनगरात गेलो. मिस्त्री एका जुन्या जीपच्या खाली होते. बाहेर आले, हात पुसले, चहा सांगितला. मी आडून आडून सुरुवात केली. त्यांनी मला पुरते बोलू दिले नाही.

"सर, घेऊन टाका की."

मी चाट पडलो. "पण मग गाडी तुमच्याकडं..."

"ह्या गेअरबॉक्सला मी हात लावीन सर. पण शब्द देऊ शकत न्हाई." ते अगदी सरळ आवाजात म्हणाले. "त्याचा कंप्यूटर येगळा, त्याचं तेल येगळं. आमचा धाकला हाय की, आयटीआय करून वर्कशॉपला लागलेला. त्यो लॅपटॉप लावून बघतो. मी काय बघू? आवाज न्हाई, वास न्हाई. दिवा लागतो न् गाडी थांबती."

तीस वर्षे बेधडक शब्द देणारा हा माणूस आज शब्द देत नव्हता, आणि त्यामुळेच त्याच्या मागच्या सगळ्या शब्दांची किंमत माझ्या लेखी वाढली. मग त्यांनी मुलाकडून ऐकलेल्या चार गोष्टी सांगितल्या. सर्व्हिसिंगची तारीख एक महिनाही चुकवू नका. प्रत्येक बिल जपा. दिवा लागला तर 'घरापर्यंत जाऊ' म्हणून चालवत आणू नका. त्याने जे जादा मोडते ते कंपनी देत नाही. गॅसचे किट आणि बाहेरचे भोंगे बसवू नका. माझ्या भाच्याने बँकेतल्या डोक्याने जे काढले होते, तेच हे निराळ्या भाषेत होते.

"आणि काय काय देत न्हाईत?" त्यांनी विचारले. मी यादी वाचून दाखवली. ब्रेक-पॅड, पट्टे, टायर, आवाज, गंज, झीज. ते ऐकता ऐकता हसू लागले.

"म्हंजे मोडलं तर त्यांचं, आन् झिजलं तर आपलं."

"असंच दिसतंय."

"मग आपलं काय कमी न्हाई सर," ते म्हणाले, आणि चहाचा ग्लास खाली ठेवून पुन्हा जीपखाली गेले.

म्हणजे योजना ठरली, कंपनीचीच घ्यायची. राहिला प्रश्न वर्षांचा. दोन की चार? रात्री मी माझा वाहनपरवाना काढून बघितला. पंचावन्न ओलांडलेल्या माणसाला सरकार एका वेळी पाच वर्षांचाच परवाना देते. माझे पाच पासष्टाव्या वर्षी सुरू झाले. त्यांतली तीन उरली आहेत. संध्याकाळनंतर समोरच्या गाड्यांचे दिवे आताच फुटल्यासारखे दिसतात. सरकार माझी जेवढी हमी द्यायला तयार नाही, तेवढी मी गाडीची का घ्यावी? मी बायकोला म्हणालो, "दोनच वर्षांची घेऊ. चार घेऊन करायचं काय? पुढं चालवणार कोण?"

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, वॉरंटी गाडीची आहे. तुमची नव्हे."

"म्हणजे?"

"म्हणजे मी चालवीन."

मी हसलो नाही, हे एक बरे झाले. ती त्रेसष्ट वर्षांची आहे आणि आजवर तिने स्कूटीशिवाय काही चालवलेले नाही. पण क्लच नसलेली गाडी तिलाही चालवता येईल, हे तिने तीन वर्षे माझ्या शेजारी बसून बघून ठेवले होते. महिन्यातून दोनदा दवाखान्यात जावे लागते ते माझ्या डोळ्यांसाठी आणि गुडघ्यासाठी. त्या डोळ्यांनी आणि त्या गुडघ्याने तिला तिथे नेण्यात फारसे शहाणपण नाही, हेही तिच्या लक्षात आले होते. ती कधीपासून हे बोलायच्या बेतात होती, मला ठाऊक नाही. पोस्टातल्या एकवीस हजारांची गोष्ट तिने सोडून दिली ती त्याच रात्री.

आम्ही चार वर्षांची घेतली. त्या गोड आवाजाच्या मुलीला मी फोन केला तेव्हा ती म्हणाली, "खूप छान निर्णय घेतलात सर." तिला यातले काहीच माहीत नव्हते.

बायकोने डॉक्टरांचा दाखला आणून शिकाऊ परवाना काढला. शिकणाऱ्याच्या शेजारी परवानाधारक शिकवणारा बसावा लागतो. पहिले दोन दिवस मी बसलो. मी नसलेला ब्रेक पायाने दाबत होतो आणि तोंडाने ओरडत होतो. तिसऱ्या दिवशी तिने गाडी कडेला उभी केली, किल्ली काढून पर्समध्ये टाकली आणि मला रिक्षाने घरी जायला सांगितले. आता रोज सकाळी सहाला मिस्त्री येतात. गाडीच्या काचेवर पांढऱ्यावर लाल 'एल' चिकटवलेला असतो. ते दोघे रंकाळ्याच्या बाजूला जातात, आणि मी घरी चहा टाकतो.

वॉरंटीचा कागद कपाटात आहे. कुठल्या कप्प्यात, ते या वेळी मी वहीत लिहून ठेवले आहे. काल परत आल्यावर मिस्त्रींनी सवयीने चाकापाशी वाकून पाहिले आणि म्हणाले, "बाई ब्रेक लई मारत्यात. पॅड लवकर झिजनार."

"झिजू देत," ती म्हणाली, आणि चपला काढून चहाला आत आली.